आडनाव न लावणारे आठल्ये

आमच्या समोरच्या दारावर पितळेची पाटी होती. तिच्यावर तीन ओळी : मधुसूदन, शालिनी, मुक्ता. आडनाव नव्हतं. डोंबिवलीतल्या या इमारतीत मी बिऱ्हाड घेऊन आलो त्या दिवशी मला वाटलं, आडनावाचा तुकडा गळून पडला असेल. मोजमापं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. माजिवड्याला एका बांधकाम कंपनीत अजूनही तेच करतो. म्हणून जवळ जाऊन पाहिलं. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. पाटी पूर्ण होती.

"काय शोधताय?" दार उघडून एका उंच, सडपातळ माणसाने विचारलं.

"आडनाव," मी म्हटलं.

"ते आम्ही लावत नाही. तुमचं पहिलं नाव काय?"

"सुधीर."

"या सुधीरराव. चहा घेता ना?"

त्यांचं आडनाव आठल्ये आहे हे मला जिन्याखालच्या विजेच्या मीटरवरून कळलं. मीटरवर, बँकेत, आधारकार्डावर ते होतं, त्याला त्यांचा इलाज नव्हता. पण कुरिअरवाल्याने ओळखपत्र मागितलं की ते आडनावावर अंगठा ठेवून कार्ड पुढे धरायचे. तळमजल्यावर दुसरे एक मधुसूदन राहत. आठल्ये काकांचा गॅस सिलिंडर वर्षातून दोन-तीनदा त्यांच्याकडे उतरायचा, आणि त्यांच्यासाठीचे आमंत्रणाचे फोन काकांना यायचे. शालिनीकाकू कंटाळायच्या. "अहो, निदान कंसात तरी लिहा." काका म्हणायचे, "आडनाव कळलं की आपण माणसाचं बोलणं ऐकायचं थांबवतो. मग आडनावच ऐकतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं ते मोजलेलं नाही, पण पन्नासच्या खाली नसेल.

काका ठाण्याच्या एका औषध कंपनीतून निवृत्त झाले होते आणि डोंबिवलीत चित्रपट मंडळ चालवत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी, एका वाचनालयाच्या सभागृहात, चौसष्ट खुर्च्या. मी शेजारी राहतो आणि मला अंक कळतात एवढ्यावर त्यांनी मला हजेरीची वही सोपवली. वहीतही आडनाव लिहायचं नाही हा नियम. तीन सुनील होते. त्यांची नोंद मी सुनील एक, सुनील दोन आणि सुनील चष्मा अशी करायचो. चष्मेवाल्याने मोतीबिंदूनंतर चष्मा सोडला तरी वहीत तो चष्माच राहिला.

दर जानेवारीत एकच चित्रपट ठरलेला असायचा. जुना, अमेरिकन. गोऱ्या सुखवस्तू घरातली मुलगी एका काळ्या डॉक्टरला घरी घेऊन येते आणि आईवडिलांना सांगते, मी याच्याशी लग्न करणार. मुलीचा बाप जन्मभर समतेच्या बाजूने लिहीत-बोलत आलेला असतो. आता तो काय करतो, एवढीच गोष्ट. सुरुवातीला आमच्याकडे त्याची टेप होती, नंतर डिस्क आली. इंग्रजी पटपट कळेल असा प्रेक्षक निम्मासुद्धा नव्हता. म्हणून काकांनी सगळ्या संवादांचं मराठी करून दोनशे पानी वहीत उतरवलं होतं. चित्रपटाचा आवाज बारीक करायचा, पडद्याच्या डाव्या अंगाला टेबल, त्यावर दिवा, आणि काका माईकवर वाचायचे. ओठांची हालचाल संपते तिथे त्यांचं वाक्य संपायचं. मी स्टॉपवॉच धरून तालमी घेतल्या आहेत. दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक मला क्वचितच मिळाला.

मुक्ता, त्यांची एकुलती एक मुलगी, सोळाव्या वर्षापासून त्या चित्रपटातल्या मुलीचे संवाद वाचायची. बापाचं काम काकांचं. शेवटी तो बाप बराच वेळ बोलतो, आणि होकार देतो. त्या वेळी काका वहीकडे बघायचेच नाहीत. त्यांना ते पाठ होतं. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायचे. माझी बायको दर वर्षी रडायची आणि दर वर्षी म्हणायची, "असा माणूस शेजारी आहे हे आपलं भाग्य." कल्याण, बदलापूर, ठाण्यातलं एक कॉलेज, असे बाहेरचे कार्यक्रम धरून, शेवटचं वाचन सोडून, माझ्या वहीत एकूण सव्वीस वाचनं आहेत.

प्रशांत आला तो सोळाव्या वाचनाला. एमएस्सीला होता, कल्याण पूर्वेहून यायचा. वाचनानंतर चर्चा असे. काकांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का? मागच्या रांगेतून तो उठला.

"सर, तुम्ही तीन वेळा सावळा म्हणालात. तो सावळा नाहीये. काळा आहे. पडद्यावर दिसतोय की."

"काळा म्हटलं की मराठी कानाला टोचतं," काका म्हणाले.

"पण टोचायलाच पाहिजे ना सर? तिथे त्या मुलीच्या आईला पण टोचतंय, म्हणून तर पिक्चर आहे."

लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी लाल पेन काढलं, वहीतली ती तीन पानं शोधली, तिन्ही ठिकाणी खोडलं आणि वर लिहिलं. मग म्हणाले, "नाव काय तुझं?"

"प्रशांत." पुढे काही सांगायला त्याने तोंड उघडलं.

"एवढंच पुरे. पुढच्या वर्षी डॉक्टरचं तू वाचायचंस."

अशा रीतीने डॉक्टर काकांनी स्वतः निवडला. सहा वर्षं तालमी त्यांच्या घरी झाल्या. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला प्रशांत, समोर मुक्ता, टोकाला काका, आणि स्टॉपवॉच घेऊन मी. काकू थालीपीठ लावायच्या आणि पहिलं प्रशांतच्या ताटात टाकायच्या, कारण तो वाट बघत नसे, मागायचा. "काकू, करपलेलं मला, चांगलं सरांना," म्हणायचा. मुक्ता म्हणायची, "डॉक्टर, तुमचा उच्चार सुधारा आधी, मग खा." काका खूश असायचे. एकदा जिना उतरताना मला म्हणाले, "सुधीरराव, हा पोरगा वाचत नाही हो, तो ते बोलतो. असा मुलगा मला हवा होता."

काका वर्षातून एकदा अकरा दिवस गावी, राजापूरकडे जायचे. तिथल्या ग्रामदेवतेच्या पूजेची पाळी आठल्यांच्या घराण्याकडे होती आणि थोरली पाती काकांची. सोवळं नेसून, गाभाऱ्यात. हे मंडळात कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण त्या दिवसांत त्यांच्या कुंड्यांना पाणी मी घालायचो. उत्सवाची पत्रिका यायची, तिच्यावर त्यांचं नाव आडनावासकट छापलेलं असायचं. मी एकदा विचारलं. "ते तिकडचं आहे," ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

मग तो रविवार. डिसेंबरातली तालीम संपली होती. काकू पोह्यांवर खोबरं घालत होत्या. मुक्ता म्हणाली, "बाबा, थांबा, उठू नका. आम्हाला दोघांना लग्न करायचंय."

मी उठायला लागलो. मुक्ता म्हणाली, "काका, तुम्ही बसा. साक्षीदार पाहिजेच आहे."

तिला वाटलं होतं हे सगळं हसण्यावारी पार पडेल. प्रशांत हसत होता, थोडा घाबरून. काकूंचा हात खोबऱ्याच्या वाटीत थांबला होता. काकांनी वही मिटली, तिच्यावर पेन ठेवलं, पेन सरळ केलं.

"प्रशांत," ते म्हणाले, "तुझं आडनाव काय?"

सहा वर्षांत त्यांनी ते विचारलं नव्हतं. प्रशांतने सांगितलं. आमच्या वहीत ते कधी लिहिलं गेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. घर बौद्ध, वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, हेही त्याने सांगितलं. मला ते ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक असणार. माणूस सहा वर्षं घरात जेवतो तेव्हा ते कळतंच. पण त्यांनी ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं.

"बाबा, तुम्ही आडनाव विचारताय?" मुक्ता म्हणाली.

"मला काही फरक पडत नाही, मुक्ता. पण गावची पाळी माझ्याकडे आहे. ती जाईल. माझ्या मागे भावकीची अकरा घरं आहेत."

"मग जाऊ दे ना."

"तुला सोपं आहे."

"सर," प्रशांत म्हणाला, "मी देवळात येणार नाही. मला यायचं पण नाहीये."

"प्रश्न तुझ्या येण्याचा नाही," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "सुधीरराव, आज किती मिनिटं झाली?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो वहीत लिहिला आणि आत गेले. पोहे कुणी खाल्ले नाहीत. काकूसुद्धा त्यानंतर चार दिवस नीट जेवल्या नाहीत. त्यांनाही हे नको होतं आणि त्यांनी ते मुक्ताला तोंडावर सांगितलं.

दोघांनी ठाण्याला विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली. कायद्याने तीस दिवस थांबावं लागतं. नोटीस फलकावर लागते. दोघांची पूर्ण नावं, पत्ते, कुणाला हरकत असेल तर कळवावी. मुक्ता मला म्हणाली, "तीस दिवस आहेत काका. बाबा येतील. त्यांना पाठ आहे ते सगळं."

बाराव्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून त्या कार्यालयात डोकावलो, कारण साक्षीदाराची कागदपत्रं द्यायची होती. फलकापुढे काका उभे होते. चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला लागेल इतक्या जवळून वाचत होते. मी जिन्यातच थांबलो. एका पानाची नोटीस. ते वीस मिनिटं वाचत होते. हरकतीच्या खिडकीकडे गेले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. गेले ते सरळ रिक्षा स्टँडकडे.

मुक्ताने मला त्यांच्याशी बोलायला सांगितलं. मी गेलो. म्हटलं, "काका, सव्वीस वेळा वाचलंत तुम्ही ते."

ते म्हणाले, "तुमची पोरगी नववीत आहे ना? दहा वर्षांनी आपण बोलू."

मी घरी आलो. बायकोने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही.

जानेवारीतला दुसरा शनिवार त्या तीस दिवसांतच येत होता. मला वाटलं, यंदा कार्यक्रम रद्द होईल. काकांनी रद्द केला नाही. टेबलावर एकच माईक ठेवायला सांगितला. सगळ्यांचे संवाद ते एकटे वाचणार होते. चौसष्ट खुर्च्या भरल्या आणि नऊ माणसं उभी होती. मुक्ता आणि प्रशांत शेवटच्या रांगेत भिंतीकडे बसले होते. काकू आल्या नव्हत्या.

काकांनी मुलीचं वाचलं. डॉक्टरचं वाचलं. काळा हा शब्द तिन्ही ठिकाणी जसा दुरुस्त केला होता तसाच, स्पष्ट उच्चारला. मग शेवट आला. नेहमीप्रमाणे त्यांनी वही मिटली आणि पडद्याकडे बघत बापाचं बोलणं म्हटलं. मला वाटलं होतं आवाज अडखळेल. एका सेकंदाचाही फरक पडला नाही. आधीच्या सव्वीस वेळांत असं नेमकं त्यांनी कधी केलं नव्हतं. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मी मागे पाहिलं. मुक्ता रडत होती आणि हसत होती. तिला वाटलं, हे उत्तर आहे.

ती खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापाशी आली. "बाबा," म्हणाली. "बाबा, मग?"

काका माईकची वायर गुंडाळत होते. कोपर आणि तळव्याभोवती, एकसारखे वेढे. ते पूर्ण झाल्यावर त्यांनी टोक आत खोचलं.

"तो सिनेमा आहे, मुक्ता," ते म्हणाले.

प्रशांत अर्ध्या वाटेत होता. तो तिथूनच मागे फिरला.

एकतिसाव्या दिवशी लग्न झालं. तीन साक्षीदार लागतात : प्रशांतची बहीण, मी, आणि तिसऱ्या शालिनीकाकू. त्या न सांगता आल्या. पिशवीत मुक्तासाठी स्वतःची हिरवी पैठणी आणली होती आणि प्रशांतसाठी डबा. डब्यात थालीपीठ होतं. एक करपवलेलं.

त्यानंतर दर मंगळवारी काकू रिक्षाने कल्याणला जायच्या. दारात काका विचारायचे, "कुठे?" "कल्याणला." "बरं." यापलीकडे एक शब्द नाही. मला एकदा जिन्यात म्हणाल्या, "सुधीरराव, मला पण राग आलेला, तुम्ही पाहिलंय. पण मी कधी माईकवर काही बोलले नव्हते ना. मला मागे फिरायला कुणाची लाज नव्हती."

पुढच्या जानेवारीत सुनील चष्मा यांनी विचारलं, "यंदा तो नाही?" काका म्हणाले, "डिस्क खराब झाली." डिस्क माझ्या कपाटात होती. मी घरी लावून बघितली. पावणेदोन तास, कुठेही अडकली नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. मंडळ आणखी दोन वर्षं चाललं आणि मग हजेरी अकरावर आली तेव्हा बंद केलं.

चौथ्या वर्षी काकूंना कर्करोग निघाला. तीन महिने. रुग्णालयात कुणी कधी थांबायचं त्याचा तक्ता मीच केला : सकाळी नऊ ते सहा काका, सहानंतर मुक्ता आणि प्रशांत. काका पावणेसहाला निघायचे. एका संध्याकाळी डॉक्टर उशिरा आले आणि काकांना थांबावं लागलं. प्रशांत जिन्याने वर आला. वऱ्हांड्यात दोघांमध्ये बारा फूट अंतर असेल.

"सर," प्रशांत म्हणाला, "तुम्ही बसा ना. मी खुर्ची आणतो."

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. तिथे आग लागल्यास काय करावे याची सूचना लावलेली होती, नऊ कलमं. डॉक्टर येईपर्यंत ते ती वाचत राहिले. आत काकूंना सगळं ऐकू येत होतं, कारण दार उघडं होतं. त्या गेल्या तो मंगळवार होता. काकांनी मला सांगितलं, "मुक्ताला कळवा. एकटीला." मी दोघांना कळवलं. काकूंना घरी आणल्यावर मुक्ता एकटीच वर आली. प्रशांत इमारतीच्या फाटकाबाहेर, वर्षाची मुलगी कडेवर घेऊन उभा होता. काकूंना खाली आणलं तेव्हा त्याने तिथूनच हात जोडले.

दर रविवारी काका चिंचेने पाटी घासायचे. तिन्ही नावं. मला वाटायचं, मुक्ताची ओळ ते पुसत नाहीत याला काही अर्थ असेल. मी तसं मुक्ताला सांगितलंही. सांगायला नको होतं.

शेवटची दोन वर्षं आम्ही दोघं संध्याकाळी ठाकुर्लीपर्यंत चालायला जायचो. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, चाल अजून ताठ. स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडजवळ एक दिवस समोरून मुक्ता येताना दिसली. शाळेचा गणवेश घातलेल्या मुलीचा हात धरून. काका उभ्या रिक्षाच्या आड सरकले. चाळीस पावलांचं अंतर असेल.

"ती कोण?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"तुमची नात."

"केवढी?"

"साडेपाच."

"नाव?"

"रेवा."

मग म्हणाले, "पूर्ण?"

मला आत कुठेतरी बरं वाटलं. हे मला सांगायचंच होतं, ती शाळेत गेल्यापासून सांगायचं होतं. म्हटलं, "रेवा मुक्ता प्रशांत. शाळेत एवढंच लावलंय काका. आडनाव नाही. ते तुमच्यावरूनच घेतलं म्हणाली मुक्ता. प्रशांत पण म्हणाला, सरांचं तेवढं तरी ठेवू या."

काका रिक्षाच्या टपावर हात ठेवून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. रेवा काहीतरी सांगत होती आणि मुक्ता वाकून ऐकत होती.

"म्हणजे," काका म्हणाले, "शाळेत कुणाला कळत नसेल."

"काय कळत नसेल?"

त्यांनी टपावरचा हात काढला. मग म्हणाले, "बरं झालं."

भिंतीला गेलेला तडा फक्त गिलाव्याचा आहे, आतपर्यंत नाही, असं सांगितलं की घरमालकाचा चेहरा जसा सैल पडतो, तसा त्यांचा चेहरा झाला. मी असे चेहरे कामावर खूप पाहिले आहेत. त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

"चला," म्हणाले, आणि माझ्याआधी निघाले. रोजच्यापेक्षा भरभर. मी मागे राहिलो. मुक्ताने आम्हाला पाहिलं होतं. ती मुलीला घेऊन रस्त्याच्या कडेला थांबली आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिथून वळणापर्यंत त्यांची त्रेसष्ट पावलं झाली. त्यांनी वळून पाहिलं नाही.